जुना सी कोड: आधी फॉरमॅटर चालवायचा की हाताने अटी सोडवायच्या?

समजा, बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या एखाद्या पतपेढीचा जुना सी प्रोग्रॅम तुमच्या हाती आलाय. इफच्या पोटात इफ, असे पाच थर. कुठे टॅब, कुठे स्पेस. आता क्लँग-फॉरमॅट (कोडची मांडणी आपोआप नीट करणारा फॉरमॅटर) चालवायचा, की एकात एक अडकलेल्या अटी हाताने सोडवायच्या?

फॉरमॅटर स्वस्त पडतो. काही मिनिटांचं काम, शिवाय वागणूक बदलत नाही. खात्रीसाठी डीबग माहिती न घालता आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल होऊन तयार होणारी) ताडून पाहा. असर्टमध्ये (अट तपासणाऱ्या ओळीत) ओळ क्रमांक येतो, तेवढा फरक दिसेल. इन्क्लूडचा (हेडर फाइली जोडणाऱ्या ओळींचा) क्रम बदलणारी सेटिंग मात्र आधी बंद करा.

खरा धोका पुढे आहे. ‘सभासद असेल तर, थकबाकी असेल तर दंड, नाहीतर बिगरसभासदाचा दर.’ लिहिणाऱ्याने एल्स (‘नाहीतर’चा भाग) बाहेरच्या इफखाली मांडलेला असतो, पण महिरपी कंस नसले की सी तो आतल्या इफला जोडते. परिणामी, नियमित हप्ते भरणाऱ्या सभासदालाच बिगरसभासदाचा दर लागतो! फॉरमॅटर तो एल्स आतल्या इफखाली सरकवतो. कोड नीटनेटका दिसू लागतो, चूक तशीच राहते, आणि मूळ हेतू सांगणारी खूण कायमची पुसली जाते. म्हणून फॉरमॅटरआधी जीसीसी (सीचा कंपायलर) ७ किंवा नंतरच्या आवृत्तीत ‘वॉल’ (-Wall) पर्याय लावून कंपाइल करा आणि डँगलिंग एल्स (कोणत्या इफचा ते संदिग्ध असलेला एल्स) व मिसलीडिंग इंडेंटेशन (फसवी मांडणी) यांच्या वॉर्निंग एकेक करून निकाली काढा. जीसीसी टॅब ८ रकान्यांचा धरतो. कोड ४ च्या टॅबने लिहिला असेल तर तसं सांगावं लागतं. मांडणी किती फसवू शकते ते २०१४ साली उघड झालं: ॲपलच्या एसएसएल (सुरक्षित जोडणीच्या) कोडमध्ये ‘गोटू फेल’ (थेट शेवटच्या भागाकडे उडी मार) ही ओळ दोनदा पडली होती. दुसरी ओळ इफच्या आत असल्यासारखी दिसे, पण होती बाहेर, त्यामुळे सही तपासणं वगळलं जाई.

हाताने सोडवणं म्हणजे उलटी अट वर घेऊन लगेच रिटर्न करायचं. वाचायला याहून सोपं काही नाही, पण जोखीम जास्त. ‘शून्यापेक्षा मोठं’ उलटवलं की ‘शून्य किंवा लहान’ होतं. शून्य सुटलं की गडबड. ‘आणि’चं ‘किंवा’ करायचं राहून जातं. मध्येच रिटर्न झाला की फाइल उघडी राहते, मेमरी सुटत नाही.

ज्या फंक्शनमध्ये नियम बदलायचाच आहे, तेवढंच हाताने सोडवा, आणि जुन्या महिन्याची खाती दोन्ही आवृत्त्यांतून चालवून निकाल जुळले तरच ते ठेवा. बाकीच्याला फॉरमॅटर पुरे. त्याचा कमिट (बदलाची नोंद) वेगळा ठेवा, गिट (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) २.२३ पासून ब्लेममध्ये (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत) तो वगळता येतो.