पीएच पेन : केळीच्या हंगामभर वापरल्यानंतर

रावेर-यावल पट्ट्यात ज्यांची केळी ठिबकवर आहे, त्यांनी पीएच पेन, म्हणजे पाण्याचा सामू (पीएच, आम्ल-अल्कतेचा आकडा) मोजणारं पेनासारखं यंत्र, जरूर घ्यावा. फक्त आकडा वाचून खिशात ठेवायचा असेल, तर मात्र पीएच कागदाची पट्टी पुरे.

आमच्या बोअरच्या पाण्याचा सामू 8 च्या आसपास असतो. 7 पासून एकच अंक वर, म्हणून सोडून देऊ नका. ही मोजपट्टी दसपटीची आहे, एका अंकाला दहापट फरक. लॅटरल (ठिबकची बारीक नळी) उघडली की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा, खरखरीत थर बसलेला असतो. तो कॅल्शियम कार्बोनेटचा; तो घालवायला पाण्यात ॲसिड सोडतात.

पेनाची खरी किंमत मला बादलीत कळली. बादलीभर पाण्यात पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडं थोडं सोडायचं (ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही) आणि दर वेळी ढवळून मोजायचं. आकडा 8 वरून 7 वर लवकर येतो, मग 6.4 च्या आसपास अडून बसतो. पाण्यातलं बायकार्बोनेट हायड्रोजन आयन पकडून कार्बॉनिक आम्ल होत असतं, आणि इथे दोघं निम्मे-निम्मे असतात. बायकार्बोनेट संपत आलं की 5 च्या खाली आकडा धाडकन कोसळतो. म्हणून शेजाऱ्याचा सामू आपल्याइतकाच असला तरी त्याचं ॲसिडचं प्रमाण उचलू नये. बायकार्बोनेट किती आहे ते पाणी तपासूनच कळतं.

आकडा 6.3 वर असतानाच थांबून बादली उघडी ठेवा आणि तासाभराने मोजा. आकडा वर चढलेला दिसेल. पेन बिघडलेला नाही! कार्बॉनिक आम्लातला कार्बन डायऑक्साइड हवेत उडतो, समतोल त्याच बाजूला सरकतो आणि उरलेलं बायकार्बोनेट आणखी हायड्रोजन आयन खातं. हे डोळ्यांनी पाहिल्यावर शाळेतला रासायनिक समतोल मला पहिल्यांदा नीट उमगला.

तक्रार टोपणाची. ते घट्ट बसत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पेनाच्या टोकाचा काचेचा गोळा सुकून आकडा भरकटतो. टोपणात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण ठेवा, डिस्टिल्ड वॉटर नको. 4.00 आणि 6.86 च्या बफर पुड्या (पाण्यात विरघळवली की ठरलेला सामू देणारी पूड) पेनासोबतच मागून घ्या. आमच्या पाण्यासाठी 9.18 चीही लागते. त्यांच्याशी जुळवल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर ॲसिड ओतू नये.

काळ्या जमिनीचा सामू मात्र या ॲसिडने उतरेल अशी आशा धरू नका. तिच्यातली चुनखडी एवढं ॲसिड सहज पचवते. ठिबक मोकळं राहतं, विद्राव्य खत नळीत साका धरत नाही; माझ्या मते पैसे तेवढ्यातच वसूल होतात.