जीआर शोधायचा कुठे: संकेतस्थळ, ग्रुप की अव्वल कारकून?

तहसील कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या लिपिकापुढे बालसंगोपन रजेचा अर्ज आला, असं समजा. वित्त विभागाचा २३ जुलै २०१८ चा शासन निर्णय (जीआर) आहे, मर्यादा १८० दिवसांची आहे, हे आजूबाजूचे चटकन सांगतात. पण मंजुरीसाठी वर पाठवायच्या टिपणीत क्रमांक लागतो, प्रत जोडावी लागते.

सगळ्यांत झटपट मिळतो तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. फक्त ती पीडीएफ कधी अर्धवट असते, कधी नुसता मसुदा, कधी चक्क बनावट. म्हणून ग्रुपवरून सांकेतांक तेवढा उचलावा. निर्णयाच्या शेवटी छापलेल्या या १८ अंकांतले पहिले आठ म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो शासनाच्या जीआर संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उतरवून घ्यावी. तिथे सापडलीच नाही, तर ग्रुपवरच्या प्रतीच्या भरवशावर टिपणी चढवू नये.

सांकेतांक हाताशी नसेल, तर संकेतस्थळ छळतं. शब्द टाकून शोधावं, तर 'निवृत्तिवेतन' एका शीर्षकात ऱ्हस्व, दुसऱ्यात दीर्घ. त्यापेक्षा विभाग आणि तारखा निवडून यादी चाळलेली बरी. विभाग मात्र माहीत हवा: रजा वित्त विभागाकडे, बदल्या सामान्य प्रशासनाकडे.

गूगलवर जुने निर्णय लवकर हाती लागतात. अडचण हीच की जुनेच लागतात. एआयला विचारलं, तर तो क्रमांक-दिनांक ठणकावून सांगेल. तो निर्णय निघालेलाच असेल असं नाही.

खरी मेख वेगळीच आहे. बहुतेक निर्णयांच्या माथ्यावर 'वाचा' म्हणून आधीचे निर्णय दिलेले असतात, त्यामुळे मागचा माग लागतो. पुढे काय झालं, हे त्या कागदावर कुठून असणार? तो अधिक्रमित झाला का, म्हणजे नव्या निर्णयाने त्याची जागा घेतली का, शुद्धिपत्रक निघालं का, हे लिपिकाच्या वरच्या अव्वल कारकुनाला ठाऊक असतं. स्थायी आदेश संचिका, म्हणजे कायम लागणाऱ्या आदेशांची फाइल, नीट लावलेली असेल तर तिच्यातही सापडतं, पण अशी संचिका नशिबानेच मिळते.

माझं मत विचाराल तर प्रत संकेतस्थळावरूनच घ्या, आणि अव्वल कारकुनाला "जीआर आहे का?" असं न विचारता "साहेब, हा अजून लागू आहे ना?" असं विचारा. ते रजेवर असतील, तर त्या तारखेपासून आजपर्यंतची विभागाची यादी स्वतः चाळा, शुद्धिपत्रकांसकट. कंटाळवाणं काम आहे, पण लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर खुलासा टिपणी लिहिणाऱ्याकडेच मागतात.