लेदरच्या आत काय घालायचं? ठाण्याच्या उकाड्यातला वापरानंतरचा अनुभव

आधी माझं सामान सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला तुमच्या हिशोबाने लावून घेता येईल. बाइक चालवताना घालायचं लेदर टूपीस (जॅकेट आणि पँट) आहे, गाईच्या कातड्याचं. छातीवर आणि मांड्यांच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं, आत जाळीचं अस्तर, खांदे-कोपर-गुडघ्यांना आर्मर (पडल्यावर मार झेलणारे पॅड) आणि पाठीला वेगळा प्रोटेक्टर. बाइकला फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं आवरण) नाही, त्यामुळे वारा थेट छातीवर येतो. आठवडाभर मानपाड्याहून महापे असं ऑफिस. तेव्हा वर लेदरचं जॅकेट आणि खाली रायडिंग जीन्स. शनिवार-रविवारी घाट असला की पूर्ण लेदर. होळीच्या आधीपासून दसऱ्यापर्यंत त्याच्या आत सुती टी-शर्ट, पॉलिएस्टरचा घट्ट टॉप आणि लेगिंग, नायलॉनचा जाळीदार बेस लेयर (अंगालगतचा आतला कपडा) आणि मेरिनो लोकरीचा बेस लेयर असं सगळं आलटूनपालटून घातलं.

ठाणे आणि नवी मुंबईपुरतं माझं मत पक्कं झालंय. पातळ, अंगाला टेकून बसणारा, फुल बाह्यांचा सिंथेटिक बेस लेयर घ्या, आणि खाली त्याच जातीची पूर्ण लांबीची लेगिंग. कसारा किंवा माळशेज चढून पलीकडे नेहमी जात असाल तरच मेरिनोचा विचार करा. सुती टी-शर्ट लेदरच्या आत घालूच नका.

शरीर थंड होतं ते घाम वाळताना. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम ओघळून बुटात गेला तर काहीच नेत नाही. लेदर वारा अडवतं. भोकांतून, गळ्यातून, मनगटाच्या झिपमधून जो काही वारा आत शिरतो तेवढ्यावरच हे वाळणं चालतं. मग आतल्या कपड्याचं काम काय? घाम एका जागी थेंब धरून न राहता पातळ पसरला पाहिजे, म्हणजे तेवढ्याशा वाऱ्यालाही जास्त ओला भाग मिळतो. आणि कपडा कातडीला टेकलेला पाहिजे, कारण सैल कपड्यात घाम अंगापासून दूर वाळतो आणि तो गारवा बराचसा वायाच जातो. कापड कोणतं याच्याइतकंच, माझ्या मते थोडं जास्तच, महत्त्व मापाला आहे ते यामुळे. उन्हाळ्यासाठी म्हणून मुद्दाम एक साइज मोठी घेणारे बरेच आहेत. लेदरच्या आत तो हिशोब उलटा पडतो.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. मे महिन्यात ठाण्याचा पारा ३४-३५ च्या आसपास असतो, आकडा ऐकून कोणी घाबरत नाही. पण हवेत आधीच इतकं पाणी असतं की घाम वाळायला जागाच उरत नाही. हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागात ४० अंशांची अट लावतं, किनारपट्टीला ३७ चीच, आणि दोन्हीकडे पारा सरासरीच्या वर किती गेला तेही पाहतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, तेव्हाही पारा विदर्भासारखा चाळिशीच्या पार गेलेला नव्हता. त्यामुळे कोणी ‘कूलिंग’ लिहिलेला इनर दाखवला की पहिला प्रश्न हा विचारायचा: हा कुठल्या हवेत कूलिंग देतो?

सुतीबद्दल आधी बोलते, कारण घरातले आणि दुकानदार दोघंही तेच सांगतात. नुसत्या अंगावर सुती बरोबरच आहे, आई सांगते त्यात चूक काही नाही. पण वर कातडं आलं की गणित बदलतं. सर्वसाधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या आठेक टक्के ओल धाग्याच्या आतच धरून बसतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही, नायलॉन चारच्या आसपास, लोकर सोळाच्या. कापसाच्या आत शिरलेलं पाणी सहज बाहेर येत नाही. सकाळी कापूरबावडी, माजिवडा, मग कळव्याकडून विटाव्याच्या रेल्वे पुलाखालची ती रांग. तिथे पोचेपर्यंत टी-शर्ट पाठीला डकवल्यासारखा होतो, आणि पुढे ठाणे-बेलापूर रोडवर वारा लागला तरी महापे येईपर्यंत तो वाळत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला तर पाठीवर आणि काखेत घामोळं उठतं.

खरा त्रास जॅकेट काढताना. ऑफिसच्या बेसमेंटमध्ये बाइक लावली, झिप उघडली, उजवी बाही ओढली, की मनगटाशी अस्तर ओल्या हाताला चिकटतं आणि बाही आतून उलटी होत येते. लेदर कोपरापाशी अडकतं, अस्तर मात्र हाताबरोबर बाहेर. ते पुन्हा आत ढकलून, बोटांनी चाचपत बाही सरळ करायची, तोवर गरम बेसमेंटमध्ये आणखी घाम. दर वेळी अस्तराची शिवण ताणली जाते ती वेगळीच. आत हाफ बाह्यांचा कपडा असला तर कापड कोणतंही असो, हेच होतं. फुल बाह्यांचा, मनगटापर्यंत पोचणारा गुळगुळीत टॉप असला की बाही एका हिसक्यात निघते. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी फुल बाह्या घ्या म्हणेन.

पॉलिएस्टरचा टॉप सगळ्यात जास्त वापरला. खेळाच्या सामानाच्या दुकानात धावणाऱ्यांसाठी जो असतो तोच, बाइकसाठी म्हणून वेगळा नाही. आम्हा रायडर्ससाठी म्हणून विकला जाणारा महागडा इनर आणि हा, यांत कापडापुरता मला फरक जाणवला नाही; फरक आहे तो शिवणीत. दुकानात दोन गोष्टी नक्की करून पाहा. एक, कापडाच्या आतल्या बाजूला ओल्या बोटाने पाण्याचा थेंब ठेवा. चांगल्या कापडावर तो दोन-चार सेकंदांत रुपयाएवढा पसरतो, सुमार कापडावर मण्यासारखा बसून राहतो. दोन, कपडा उलटा करून खांद्याची आणि काखेची शिवण अंगठ्याने चोळा. चपटी शिवण हाताला जवळजवळ लागत नाही. साध्या ओव्हरलॉकची कड उंच लागते. ही कड बरोबर खांद्याच्या आर्मरखाली येते, आणि तासाभराने तिथे लाल वळ उमटतो. ट्रायल रूममध्ये नुसतं आरशासमोर उभं राहू नका. हँडल धरल्यासारखे हात पुढे करून वाका. पाठ उघडी पडली तर टॉप आखूड आहे, बाइकवर बसल्यावर तो आणखी वर सरकणार.

बायकांसाठी एक सांगायलाच हवं, कारण कोणी लिहीत नाही. पाठीच्या प्रोटेक्टरखाली ब्राचे हुक आणि पट्ट्यांचे बकल अक्षरशः रुततात. बिनहुकाची, मागे पट्ट्या एकत्र येणारी स्पोर्ट्स ब्रा घ्या, तीही सिंथेटिक. वर उत्तम टॉप आणि आत जाड सुती ब्रा असली तर सगळा घाम तिथेच साठतो आणि टॉपच्या पैशांचा उपयोग होत नाही.

पॉलिएस्टरचा दोष म्हणजे वास. संध्याकाळी परत तोच टॉप घालायची सोय नाही, त्यामुळे ऑफिसात एक जास्तीचा ठेवावाच लागतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतलेल्या काळ्या लेगिंगचा रंग घामाने सुटून अस्तराला लागला, तो आजतागायत गेलेला नाही. गडद रंग आधी दोनदा धुऊन मगच लेदरच्या आत घाला.

नायलॉनची जाळी उकाड्यात सगळ्यात सरस. वाशी ते बेलापूर पाम बीचवर खाडीचा वारा छातीच्या भोकांतून आत आला की लगेच कळतं. पण तिची दोन दुखणी आहेत. आर्मर दाबतो तिथे जाळीची नक्षी अंगावर उठते, आणि गळ्याच्या वेल्क्रोत जाळी अडकून धागे निघतात. दसऱ्यापर्यंत माझ्या टॉपचा गळा विरून गेला, बाकी कपडा धडधाकट. तरी मे महिन्यात लांबच्या राइडला मी हीच घालते.

आता मेरिनो. याच्याबद्दल परदेशातले रायडर भरभरून बोलतात आणि त्यांच्या हवेत ते खरंच आहे. लोकर बरीच ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, वास धरत नाही. भिवंडी बायपास, पडघा, शहापूर इथपर्यंत माझ्या अंगावर ती दमट आणि जड वाटली. कसारा घाट चढून इगतपुरीच्या पुढे कोरडी हवा लागली की मात्र तिची किंमत कळते. नाशिककडे एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकलेला असताना मेरिनो हळूहळू वाळत राहते आणि गारवा टिकून राहतो; तिथे पॉलिएस्टर चटकन कोरडं होऊन गारवा संपतो. परत खाली उतरलं की पुन्हा तीच चिकचिक. शिवाय जुलैत ती रात्रभर पंख्याखाली ठेवूनही सकाळी दमटच, आणि कपाटात नीट ठेवली नाही तर कसर लागते. सिंथेटिकच्या कित्येक पट किंमत देऊन वर्षातून मोजके दिवस वापरायची वस्तू आहे ही.

कपडा भिजवून घालायच्या युक्तीचंही तसंच. इगतपुरीच्या टपरीवर टॉपवर बाटलीभर पाणी ओतायचं आणि झिप लावून निघायचं. बराच वेळ छाती गार राहते. हवा कातडीपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की नुसता वारा थंड न करता उलट तापवतो. तेव्हा हे पाणी खरोखर कामाचं. हेच मी घोडबंदर रोडवर केलं तर फक्त वजन वाढतं.

खालच्या लेगिंगकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि मला ते पटत नाही. सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम झोत मांडीवर येतो, त्याला कोणतंही कापड पुरं पडत नाही, ते सोडून द्या. पण घामेजलेल्या गुडघ्याला लेदर धरून ठेवतं. पाय उचलून बाइकवर बसताना पँट मांडीशी ओढली जाते आणि गुडघ्याचा आर्मर जागेवरून वर सरकतो. पडलात तर वाटीवर काहीच नाही. आत गुळगुळीत लेगिंग असली की लेदर तिच्यावरून घसरतं आणि आर्मर जागेवर राहतो. जांघेत मधोमध चार शिवणी एकत्र येणारी लेगिंग टाळा, तिथे वेगळा चौकोनी तुकडा जोडलेली घ्या. नाहीतर मुरबाडपर्यंत ठीक, माळशेज येईस्तोवर मांड्या सोलवटतात.

पडल्यावर सिंथेटिक कपडा वितळून कातडीला चिकटतो, ही भीती बरेच जण घालतात. पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या थोडं पुढे वितळतं, नायलॉन त्याच्या आसपास किंवा थोडं आधी, आणि लोकर वितळत नाही, करपते, एवढं खरं. पण रस्त्याशी घासायचं काम लेदरचं आहे. ते फाटत नाही तोवर ही उष्णता आतपर्यंत तेवढी येत नाही, आणि आतला निसरडा थर कातडीवरची ओढ थोडी कमीच करतो. जाड, नीट शिवलेल्या लेदरखाली मी सिंथेटिक निर्धास्त घालते. पातळ मेश जॅकेटखाली घालताना मात्र विचार करेन.

आणि कृपा करून बेस लेयरच्या भरवशावर पाणी कमी पिऊ नका. भर उन्हात तासाला एक लिटर घाम जाणं ही काही मोठी गोष्ट नाही. मी दर थांब्याला पाणी पिते आणि लांबच्या राइडला एक लिटरचं ओआरएसचं पाकीट बरोबर ठेवते. डोकं ठणकायला लागलं, उन्हात काटा आला, मळमळलं, बोलणं अडखळायला लागलं की लगेच सावलीत बाइक लावून लेदर काढायचं. मनोर अजून किती लांब आहे याचा हिशोब तेव्हा करायचा नाही.

धुण्याबद्दल थोडं. सुगंधी सॉफ्टनर वापरू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि घाम पसरणं बंद होतं. साध्या पाण्यात थोडी पावडर, उलटा करून हाताने, आणि सावलीत वाळवायचा. बेस लेयर नियमित धुतला की घामाचं मीठ लेदरपर्यंत पोचत नाही, हा मोठाच फायदा. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटातल्या लेदरवर पांढरी बुरशी येते, आणि घाम मुरलेल्या अस्तराला ती आधी धरते. यंदा माझ्या जॅकेटच्या कॉलरवरच काय ती आली, कारण तिथे मान थेट टेकत होती. आता उंच गळ्याचा टॉप घालते किंवा मानेत पातळ ट्यूब.

पैसे मोजकेच असतील तर सुरुवात पॉलिएस्टरच्या दोन जोड्यांनी करा, एक अंगावर आणि एक दोरीवर. नायलॉनची जाळी फक्त वरची घेतली तरी चालते, आणि ती मार्च संपायच्या आत घ्या. मे महिन्यात मधली मापं दुकानात मिळत नाहीत.