गाडीखालची लाकडी चळत: सुटी, खिळ्यांची, कोच स्क्रूची की आरपार रॉडची?

गाडीखाली काम करताना चाकांखाली ठेवायची ही लाकडी ठोकळ्यांची चळत. तिच्यात गाडीचं वजन लाकडावर लाकूड बसून पेललं जातं. खिळ्या-बोल्टाचं काम एवढंच, की धक्का बसला तरी थर सरकू नयेत. त्यामुळे जोडणी निवडण्याआधी उंची ठरवा.

तुकडे बाभळीचे, 100 × 100 मिमी जाडीचे, 450 मिमी लांबीचे धरू. थर एकाआड एक आडवे-उभे. खाली तीन-तीन, सगळ्यात वर चार तुकडे, म्हणजे टायर फटीत बसत नाही.

सुटी चळत हलवायला सोपी. तुकडा साडेतीन-चार किलोचा, तर बांधलेली तीन थरांची चळत पस्तीसच्या पुढे. पण गाडी जरा तिरकी खाली आली की वरचा थर निसटतो.

खिळे नकोतच. सहा इंची खिळ्याचे चार इंच वरच्याच तुकड्यात जातात, खाली पकड जेमतेम दोन इंच. वाळकी बाभूळ चिरते ती वेगळीच. काळे जिप्सम स्क्रूही नकोत, ते आडव्या धक्क्याने तुटतात.

दोन थरांना 10 × 150 मिमीचे कोच स्क्रू (पान्याने आवळायचे जाड स्क्रू) पुरेत. डोकं 25 मिमी आत बुडवायचं, वरच्या तुकड्यात 10चं भोक, खालच्यात 7चं, आट्यांना साबण. लाकूड सुकून ढिले झाले की पुन्हा आवळता येतात, पण फार वेळा नाही. लाकडातले आटे झिजतात.

तीन थरांना मात्र चारही कोपऱ्यांत 12 मिमी थ्रेडेड रॉड (लांबीभर आटे असलेली सळई) घाला. 275 मिमीचे तुकडे कापा. मीटरभर रॉडमधून तीनच निघतात, म्हणजे चार चळतींना सहा रॉड. वर-खाली 32 मिमी रुंद, 28 मिमी खोल खड्डा आधी, मगच 13चं भोक. उलट केलंत तर चपट्या बिटाच्या टोकाला आधारच उरत नाही. नट बाहेर राहिला तर चळत फरशीवर डुगडुगते. भोक सरळ पाडणं हीच खरी कटकट: प्लायचा साचा करून प्रत्येक तुकड्याला वेगळं भोक पाडा. मधले तुकडे रॉडमध्ये येत नाहीत, त्यांना कोच स्क्रूच लागतात. पावसाळ्यानंतर लाकूड सुकलं की पाना फिरवा, झालं.

आमचा कौल दोन थर आणि कोच स्क्रूला. 300 मिमी उंची मोहक वाटते, पण गाडी उचलली की सस्पेन्शन चाकासकट खाली लोंबतं, त्यामुळे घरच्या छोट्या ट्रॉली जॅकने चाक तेवढं वर जातच नाही. टायरच्या पुढे-मागे आडव्या पट्ट्या बसवा, जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून ओट (चाक घरंगळू नये म्हणून ठोकळा) लावा. चाकच काढायचं असेल तर ही चळत उपयोगाची नाही, चॅसिसखाली लोखंडी जॅक स्टँड हवेत.