बिनपावतीचं ‘बीजी 3’: कपाशीच्या बियाण्यात फसवणूक नेमकी कशी होते

खरिपाच्या तोंडावर गावोगाव कपाशीचं एक बियाणं गुपचूप फिरतं. कुणी त्याला ‘बीजी 3’ म्हणतं, कुणी ‘आरआर बीटी’, कुणी नुसतं ‘तणवालं’. ते कृषी केंद्राच्या फळीवर दिसत नाही. ओळखीतलाच कुणीतरी मोटारसायकलवर पाकिटं घरपोच आणून देतो. सांगणं ठरलेलं असतं: निंदणाचा खर्च वाचेल, उभ्या पिकावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, तण जळेल, कपाशीला काही होणार नाही. वर ‘बोंडअळी येतच नाही’ हेही जोडलेलं असतं. पैसे रोख, सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त, आणि पावती नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. भारतात बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, 2002 मध्ये मंजुरी मिळाली, दोन जनुकांच्या बीजी 2 ला 2006 मध्ये. त्यापुढचं, म्हणजे तणनाशक सहन करणारं एचटीबीटी, आजवर मंजूर झालेलं नाही. त्याच्या मंजुरीसाठी केलेला अर्ज 2016 मध्ये कंपनीनेच मागे घेतला. त्यामुळे पाकिटावर नाव कितीही मोठ्या कंपनीचं असो, नुकसान झाल्यावर ‘हा माल आमचा नाही’ एवढंच उत्तर मिळतं. छापलेल्या पत्त्यावर तर अनेकदा कुणीच सापडत नाही. ज्याची जबाबदारी धरायची तो कागदावरच नसावा, अशीच या धंद्याची रचना आहे.

आता पाकिटाच्या आत काय असतं ते बघा. बरेचदा ती संकरित झाडांच्या कापसातून निघालेली सरकीच असते, म्हणजे दुसऱ्या पिढीचं बी. मूळ संकरित झाडात प्रत्येक जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल, तर पुढच्या पिढीत सरासरी चारातल्या एका दाण्यात ते उतरतच नाही. बोंडअळीची दोन आणि तणनाशकाचं एक अशी तिन्ही जनुकं एकत्र असलेली झाडं मग 64 पैकी 27, निम्मीसुद्धा नाहीत. उंची, फांद्या, बोंडं धरण्याची वेळ सगळंच कमीजास्त होतं. काही पाकिटांत तर साधं बीजी 2 किंवा मुदत संपलेलं बी नव्याने रंग लावून भरलेलं असतं. डोळ्यांनी यातलं काहीच ओळखू येत नाही; दाणा तसाच दिसतो.

खरं रूप कळतं ते फवारणीनंतर. पहिले तीन-चार दिवस सगळं ठीक वाटतं. मग ज्या झाडात जनुक नाही त्याचा शेंडा पिवळा पडतो, नवी पानं बारीक आणि फिकी येतात, आणि दोनेक आठवड्यांत झाड वाळतं. तोवर नांग्या भरायची, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावायची, वेळ निघून गेलेली असते. वारा असेल तर शेजाऱ्याच्या तुरीचंही नुकसान होतं, आणि ते भांडण वेगळंच.

बोंडअळीचा दावा तर सरळ खोटा. तणनाशकाच्या जनुकाचा अळीशी काही संबंध नाही. गुलाबी बोंडअळी बीजी 2 ला जुमानत नाही, हे महाराष्ट्राने 2017 च्या हंगामात भोगलं आहे. ‘तणवालं’ पेरलं तरी डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे नीट न उमललेली फुलं, दिसायच्या त्या दिसतातच.

हे तंत्रज्ञान हवं की नको, हा वाद निराळा आहे. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकऱ्यांनी एचटीबीटी उघडपणे पेरून आंदोलन केलं. निंदायला मजूर मिळत नाही ही अडचण खरीच आहे. पण चोरवाटेने आलेल्या पाकिटात ते तंत्रज्ञान असेलच याची हमी कुणीही देत नाही.

मंजूर बीजी 2 चं पाकीट 475 ग्रॅमचं असतं आणि त्यातच किमान 5 टक्के बिगर-बीटी बी मिसळलेलं असतं. उगवणशक्ती किमान 75 टक्के, लॉट नंबर, चाचणीची तारीख, मुदत, उत्पादकाचं नाव-पत्ता आणि किंमत स्पष्ट छापलेली हवी. लॉट नंबर खोडून किंवा चिकटपट्टी लावून बदललेला असेल तर पाकीट तिथेच परत करा. पक्क्या बिलावर वाणाचं नाव आणि तोच लॉट नंबर लिहून घ्या, दुकानदार कितीही घाईत असला तरी. पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवडाभरात 75 पेक्षा बरेच कमी उगवले तर पेरू नका. पाकीट खालच्या बाजूने फोडा म्हणजे लेबल शाबूत राहतं, आणि मूठभर बी त्यातच ठेवा.

बिनपावतीचं आधीच पेरलं असेल तर निदान त्यावर ग्लायफोसेट मारू नका. डवरणी करा, म्हणजे ओळींमधून डवरा चालवून तण काढा, किंवा कपाशीसाठी शिफारस असलेलं पायरिथायोबॅक सोडियम अधिक क्विझालोफॉप इथाइल, तण दोन ते चार पानांवर असताना, लेबलवरच्या मात्रेत वापरा. मंजुरी नसलेलं बी पेरणाराही कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो. विकणारा हीच भीती दाखवून शेतकऱ्याचं तोंड बंद करतो. म्हणून तर त्याला पावती नको असते.

पावतीचं बी फसलं तर वाट मोकळी आहे. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तक्रार निवारण समिती येऊन पंचनामा करेपर्यंत पीक मोडू नका. शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि सगळं बी पेरून टाकल्याने चाचणीला नमुना उरला नाही एवढ्यावरून त्याचा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि बिलाची रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर दाखल करायला शुल्क लागत नाही. समितीला बिलाची झेरॉक्सच द्या, मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, आणि तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.