सकाळचा सिंह: सासणगीर की मसाई मारा?

सिंह मोकळ्या रानात बघायचा आणि तोही सकाळच्या पहिल्या उजेडात, हे एकदा मनाने घेतलं की आपल्याकडच्या माणसापुढे मुख्यतः दोन नावं येतात: गुजरातमधलं सासणगीर आणि केनियातलं मसाई मारा. मी दोन्हीकडे जाऊन आलो आहे. दोन्हीकडे सिंह दिसले आणि दोन्हीकडून मन भरून परतलो. तरी "एकच जमण्यासारखं आहे, कुठे जाऊ?" असं कुणी विचारलं तर माझा कल आता बराचसा ठरलेला आहे. तो का, ते सांगतो. तुमची आवड निराळी असेल तर उत्तरही निराळं निघेल.

सिंह किती दिसतील एवढाच प्रश्न असेल, तर सरळ माराला जा. तिथलं गवताळ रान नजर पोहोचेल तिथवर उघडं, आणि सिंहांचे कळप मोठे. सिंहिणी, वेगवेगळ्या वयांची पिल्लं आणि आयाळवाले नर एकाच शिकारीवर तुटून पडलेत, तरस आपली पाळी येण्याची वाट बघत लांब घोटाळतायत, हे दृश्य तिथे सकाळी सात वाजता सहज दिसू शकतं. गीरमध्ये ते बहुधा दिसणार नाही. तिथले नर एरवी माद्यांपासून वेगळे, दोघं-तिघं मिळून फिरतात. सागाच्या पानगळीत दोन माद्या दिसल्या तरी सकाळ सार्थकी लागली म्हणायची. २०२५ च्या गणनेत ८९१ सिंह मोजले गेले खरे, पण ते पार अमरेली-भावनगरच्या शेतांपर्यंत आणि समुद्रकाठापर्यंत पसरलेले आहेत. तुमच्या वाट्याला ठरलेला एक मार्ग येतो. शेजारच्या मार्गावर सिंह बसलेला असला तरी सफारीची जिप्सी तिकडे वळत नाही. सिंह दिसलाच तर थोड्या वेळात गाईड "चलो" म्हणतो, कारण मागे दुसरी गाडी थांबलेली असते. हा गीरचा जाच खरा आहे, तो मी झाकणार नाही.

मग मारा माझ्यासाठी मागे का पडलं? ड्रायव्हर एकमेकांना खबर देतात, त्या गाडीतल्या रेडिओमुळे.

बाहेर अजून नीट उजाडलेलंही नसतं आणि डॅशबोर्डवर तो खरखरायला लागतो. तिथली स्वाहिली भाषा फारशी येत नसली तरी 'सिंबा', म्हणजे सिंह, एवढा शब्द कळतो, आणि तो कानावर पडला की ड्रायव्हर गाडी फिरवतो. एका सकाळी वारुळावर चढून एकटक एकाच दिशेला बघणारा 'टोपी' जातीचा कुरंग आम्हाला दिसला होता. तो काय बघतोय हे मला जाणून घ्यायचं होतं. कदाचित गवतात चित्ता असेल, कदाचित सिंहीणच असेल. तेवढ्यात रेडिओ बोलला आणि आम्ही धुरळा उडवत भलतीकडे निघालो. तिथे पोहोचलो तर गाड्यांचं कडं पडलेलं. मधे एक सिंहीण, अंग चोरून, झेब्र्यांवर नजर ठेवून. ती दोन पावलं सरकली की इंजिनं सुरू व्हायची आणि कडंही सरकायचं. शेवटी झेब्रे सावध झाले, निघून गेले, आणि ती गवतात बसून राहिली. तिची शिकार एरवीही फसली असती, सिंहांच्या बऱ्याच चढाया फसतातच. पण त्या सकाळी तिच्या आणि झेब्र्यांच्या मधे आम्ही उभे होतो, आणि ते मला फार लागलं.

ताडोबाला जाणारे म्हणतील, गर्दी आपल्याकडेही असते. असते. पण गीरमध्ये प्रत्येक मार्गावरच्या गाड्या मोजक्या असल्याने ती आवरलेली वाटते. पहिल्या पाळीत गाईड नाक्यावर इंजिन बंद करायला लावतो आणि सगळे कान देऊन बसतात. वानर खाकरतं, मग चितळाचा धोक्याचा कॉल येतो, मग बराच वेळ काहीच नाही. धुळीत रात्रीचे ठसे असतात, ते कोणत्या बाजूला गेलेत यावर गाईड आणि ड्रायव्हर हलक्या आवाजात बोलत राहतात. आणि वळणावर हातात फक्त काठी घेतलेला ट्रॅकर, म्हणजे सिंहांचा माग काढणारा माणूस, उभा दिसतो, त्याच्यापासून थोड्याच अंतरावर सिंह. आयाळ तुटपुंजी, कान स्पष्ट दिसणारे, पोटाखाली कातडीची लोंबती घडी. माणूस आणि सिंह दोघंही पायी, आणि दोघंही शांत. त्याच रानात मालधारी पशुपालकांचे नेस, म्हणजे वस्त्या, आहेत, त्यांच्या म्हशी आहेत, त्या म्हशींवर सिंहांचा डोळाही आहे. माणसाच्या इतक्या लगत राहणारा सिंह मला माराला दिसला नाही, आणि माझ्या मते गीरला जाण्याचं खरं कारण हेच आहे.

माराच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. राखीव क्षेत्राला लागून मसाई लोकांच्या जमिनींवर नाबोईशो, मारा नॉर्थ अशा कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेली रानं, आहेत. तिथे एका प्राण्याजवळ किती गाड्या थांबतील याला मर्यादा असते. खर्च झेपत असेल तर माझी तक्रार तिथे बरीचशी गळून पडेल. पण मुख्य राखीव क्षेत्राचंच प्रवेशशुल्क २०२४ पासून जुलै ते डिसेंबर माणशी दिवसाला २०० डॉलर आहे, एरवी १००. कॉन्झर्व्हन्सीतला मुक्काम सहसा त्याहून जड जातो. शिवाय निघण्याच्या किमान दहा दिवस आधी पीतज्वराची लस घ्यावी लागते. गीरसाठी वांद्र्याहून वेरावळला थेट रेल्वे आहे, तिथून सासण ४०-४५ किलोमीटर.

लाखोंनी स्थलांतर करणारे विल्डेबीस्ट बघायचे असतील तर अर्थात माराच, त्याला पर्याय नाही. सिंहासाठी म्हणाल तर मी आधी गीर म्हणेन, जमल्यास दोन सकाळी. १६ जून ते १५ ऑक्टोबर रान बंद असतं, आणि दिवाळीची गर्दी टाळलेली बरी. हिवाळ्यात पहिली पाळी पावणेसातच्या सुमारास सुटते, उघड्या जिप्सीत थंडी चांगलीच झोंबते, तरी तीच घ्या. देवळिया हे सुमारे चार चौरस किलोमीटरचं कुंपणातलं रान आहे, तिथे सिंह हमखास दिसतो म्हणून बरेच जण तेच घेतात. बुकिंग करताना 'गीर जंगल ट्रेल', म्हणजे मोकळ्या रानातली सफारी, निवडलं आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहून घ्या.