टेबलावरची नदी-गनबोट: १/३५० प्रमाणातील ‘टॅरंटुला’ संचाचे परीक्षण

दक्षिण चीनमधील शी नदीवर, म्हणजेच पश्चिम नदीवर, गस्त घालणाऱ्या ‘टॅरंटुला’ या ब्रिटिश गनबोटीचा रेझिनमधील संच मी एका लहान परदेशी कंपनीकडून मागवला आणि सीमाशुल्क धरून त्यासाठी साडेसात हजार रुपये मोजले. समुद्रापासून इतक्या आत, वाळूचे दांडे सतत जागा बदलत असलेल्या पात्रात युद्धनौका फिरत तरी कशी असेल, हे मला हाताने जुळवून पाहायचे होते.

त्या दृष्टीने संचातील बोटीचा सांगाडा निर्दोष आहे. मूळ बोट सुमारे ७२ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद असूनही पाण्यात जेमतेम १.२ मीटर बुडत असे. प्रतिकृतीत ही लांबी साधारण २०.७ सेंटिमीटर भरते आणि पाण्याखालचा भाग पेन्सिलीच्या निम्म्या जाडीएवढा उरतो. बोट ढकलणारे पाण्याखालचे पंखे नदीच्या तळाला घासू नयेत म्हणून ते बोटीच्या पोटातील बोगद्यांत बसवलेले असत. प्रतिकृती पूर्ण झाल्यावर कोणालाही न दिसणारे हे बोगदेही कंपनीने काळजीपूर्वक कोरले आहेत. पुढच्या आणि मागच्या सहा इंची तोफांच्या नळ्या पितळी आहेत. धुरांडी एकामागे एक नसून शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे बाजूने पाहिले तर एकच दिसते. माझे डावे धुरांडे किंचित कलले आहे, पण समोरून पाहिल्याखेरीज ते कोणाच्या लक्षात येत नाही.

तक्रार आहे ती रंगांच्या तक्त्याबद्दल आणि माहितीपुस्तिकेबद्दल. तक्त्यात केवळ पहिल्या महायुद्धातील राखाडी रंग दिला आहे. मराठी माणसाला तोही अगदीच परका नाही: एप्रिल १९१६ मध्ये आजच्या इराकमधील टायग्रिस नदीकाठच्या कूट येथे शरण जाव्या लागलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याच टायग्रिस नदीवर माघार घेणाऱ्या तुर्की फौजेचा पाठलाग ‘टॅरंटुला’ आणि तिच्याच वर्गातल्या ‘मॉथ’ व ‘मँटिस’ या गनबोटींनी केला. परंतु खोक्यावर चीनमधील गस्त छापली असेल, तर पांढरी बोट आणि पिवळसर धुरांडी दाखवायलाच हवी होती.

पुस्तिकेने तर या बोटींना चाच्यांचे कर्दनकाळ ठरवले आहे. १९०६ मध्ये शी नदीवर ‘सायनाम’ या आगबोटीवर दरोडा पडला आणि एक मिशनरी डॉक्टर मारला गेला, एवढे ती सांगते; मात्र पुढच्या वर्षी ब्रिटिशांनी नदीवर स्वतःची गस्त सुरू करताच, हा आमच्या सार्वभौमत्वावर घाला आहे, असे म्हणत कँटनमधील (आजच्या ग्वांगझूमधील) व्यापारी आणि विद्यार्थी उभे राहिले, याचा उल्लेख नाही. ‘टॅरंटुला’ ज्यातली, त्या ‘इन्सेक्ट’ वर्गाच्या बोटी तेथे पोहोचल्या त्या महायुद्धानंतर, आणि तोवर चाचेही तिकीट काढून प्रवासी म्हणूनच आगबोटीत शिरू लागले होते. १९२६ मध्ये ‘सनिंग’ या आगबोटीवर समुद्रात हेच घडले. १९२७ मध्ये चाच्यांनी ताब्यात घेतलेल्या ‘आयरीन’ या आगबोटीवर ‘एल-४’ या ब्रिटिश पाणबुडीने तोफ डागली. आगबोट पेटली आणि बुडाली. चाचा प्रवाशांच्या गर्दीत उभा असताना सहा इंची तोफ कोणावर रोखायची? म्हणून आगबोटींवर लोखंडी जाळ्या बसवून तिसऱ्या वर्गाची वाट अडवली गेली आणि सशस्त्र पहारेकरी नेमले गेले, ज्यांत हिंदुस्थानी शिपाईही होते. पुस्तिकेत यातले काही नाही.

डेकवरची कापडी छतेही संचात नाहीत. दक्षिण चीनच्या उन्हाळ्यात त्या छतांखालीच खलाशांचा दिवस जाई, त्यामुळे उघड्या डेकची बोट मला भुंडी वाटली. मी पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये टिश्यू पेपर भिजवून छते केली. ती वाळताना थोडी झोळ खातात आणि तो झोळच खरा दिसतो.

नवशिक्याने हा संच घेऊ नये. बोट जेथून चालवतात त्या ‘ब्रिज’चा भाग वाकडा आला होता. गरम पाण्यात बुडवूनही तो सरळ झाला नाही. छायाचित्र पाठवल्यावर कंपनीने नवा भाग विनामूल्य पाठवला, मात्र त्याला पाच आठवडे लागले.